सोन्याच्या हाताचा वैद्य

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं, कमंडलू नदीच्या काठचं गाव. नाटकं वाचणाऱ्याला ते वसंत कानेटकरांचं जन्मगाव म्हणून ठाऊक असतं. इतिहासाची आवड असणाऱ्याला तिथली आदिलशाही मशीद, रणदुल्लाखानाची म्हणून दाखवली जाणारी कबर आणि मशिदीला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला मनोरा ठाऊक असतो. रणदुल्लाखान हा विजापूरच्या महंमद आदिलशहाचा (१६२७–१६५६) मातब्बर सरदार. १६३८ मध्ये बंगळूर घेणाऱ्या फौजेत शहाजीराजे त्याच्याच बरोबर होते. रहिमतपूर, कऱ्हाड, वाई हा सगळा टापू तेव्हा विजापूरच्या दरबाराशी बांधलेला होता आणि विजापूरचा दरबार इराणशी. दाभोळच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून कऱ्हाडावरून विजापूरकडे जाई. त्या मालाबरोबर माणसंही येत. शिपाई येत, शायर येत, मुनशी येत आणि हकीमही येत.

हकीम आपल्याबरोबर पुस्तकं घेऊन येत. त्या पुस्तकांमध्ये डोळ्याचं प्रकरण नेहमीच जाडजूड असे. धूळ, ऊन, धूर, माश्या आणि म्हातारपण या पाच गोष्टी इराणात होत्या तशा माणदेशातही होत्या. त्यामुळे त्या प्रकरणाला इकडे गिऱ्हाईक तयार होतं. पण हे ज्ञान परकं होतं, असं समजून कुणी पुढे वाचायला बसेल तर त्याची गफलत होईल. त्याचा एक मोठा भाग मूळचा इथलाच होता. त्या काळाच्या आठ-नऊशे वर्षं आधी तो घर सोडून गेला आणि दुसरे कपडे घालून परतला.

कॅस्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात गुरगान नावाचा मुलूख आहे. अरब त्याला जुर्जान म्हणत. तिथला म्हणून ओळखला जाणारा अबू रूह महंमद इब्न मन्सूर जुर्जानी हा अकराव्या शतकातला नेत्रवैद्य. लोक त्याला झर्रीनदस्त म्हणत, म्हणजे सोन्याच्या हाताचा. १०८७ मध्ये त्याने ‘नूर-उल-उयून’ हा ग्रंथ पुरा केला. तेव्हा इराणवर सेल्जुक सुलतान मलिकशहाचं राज्य होतं. याच मलिकशहाने उमर खय्यामला पंचांग सुधारायच्या कामाला लावलं होतं. केवळ डोळ्यांवर आणि तोही फारसी भाषेत लिहिलेला हा पहिला ग्रंथ मानला जातो. त्यात दहा प्रकरणं आहेत आणि सगळी मांडणी प्रश्नोत्तरांची आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. डोळ्याची रचना, बाहेरून दिसणारे रोग, आत दडलेले रोग, बरे होणारे, न होणारे, हत्याराने करायचे उपाय आणि शेवटी औषधं असा त्याचा पसारा आहे.

फारसीत लिहिण्याची निवड लहान नव्हती. त्या काळी इराणातला शिकलेला वैद्यसुद्धा अरबीत लिही. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या आणि हमदानमध्ये वारलेल्या इब्न सिनाने (९८०–१०३७) आपला अवाढव्य ‘कानून’ अरबीतच लिहिला. अरबी ही विद्येची भाषा होती आणि ती शिकायला वर्षं लागत. डोळ्यांचं काम करणारे मात्र बहुतेक कारागीर होते. बापाकडून मुलाकडे सुई जाई, पोथी जाईच असं नाही. अशा माणसाला समोर ठेवून झर्रीनदस्ताने पुस्तक लिहिलं, आणि प्रश्नोत्तरांचा साचा त्यासाठीच निवडला, असं मला वाटतं. पाठ करायला तो सोपा पडतो. पुढे पंचवीसेक वर्षांत इस्माईल जुर्जानी या दुसऱ्या वैद्याने ख्वारझमच्या शहासाठी ‘झखीरा-इ-ख्वारझमशाही’ हा सगळ्या वैद्यकाचा कोशही फारसीत रचला. वैद्यक अरबीतून लोकांच्या भाषेत आणण्याच्या कामात जुर्जान्यांचा असा दुहेरी हात आहे.

पण या दोघांच्या आधी दोनशे वर्षं या विद्येची भांडी घासूनपुसून मांडली गेली ती बगदादमध्ये. हुनैन इब्न इस्हाक (८०९–८७३) या ख्रिस्ती वैद्याने ग्रीक ग्रंथ अरबीत आणले आणि डोळ्यावर दहा प्रबंध लिहिले. डोळ्याच्या रचनेच्या ज्या जुन्यात जुन्या आकृत्या आज आपल्याला माहीत आहेत, त्या या पुस्तकातल्या. त्याच्या थोडं आधी खलिफा हारून अल-रशीदच्या बर्मकी वजिरांनी भारतीय वैद्यांना बगदादला बोलावून घेतलं होतं. मंकह नावाच्या भारतीय वैद्याकडून त्यांनी सुश्रुतसंहितेचा अरबी अनुवाद करवून घेतला. मेर्वच्या अली इब्न रब्बन तबरीने ८५० मध्ये ‘फिर्दौस-उल-हिक्मा’ लिहिलं. त्यात भारतीय वैद्यकाला स्वतंत्र भाग आहे. चरक, सुश्रुत, वाग्भट आणि माधवनिदान ही नावं तिथे येतात. म्हणजे वाग्भटाला जाऊन फार काळ लोटला नव्हता, तोच त्याचं पुस्तक तैग्रिसच्या काठी पोचलेलं होतं.

सुश्रुताने डोळ्याचे ७६ रोग सांगितले आहेत. उत्तरतंत्राची सुरुवातच त्यांनी होते. त्यातली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इतकी बारकाईने लिहिली आहे की ती लिहिणाऱ्याने शेकडो वेळा पाहिली असणार. फार ऊन नाही, फार थंडी नाही असा दिवस निवडायचा. रोग्याला बसवून स्वतःच्या नाकाकडे बघायला सांगायचं. डाव्या डोळ्यावर उजव्या हाताने आणि उजव्यावर डाव्या हाताने काम करायचं. बुबुळापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे, पांढऱ्या भागात, शिरा टाळून शलाका टोचायची. नेमकी जागा लागली तर बारीकसा आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग शलाकेच्या टोकाने आतला पडदा खाली सारायचा. रोग्याला वस्तू दिसू लागल्या की शलाका हळूच काढायची, तूप लावून पट्टी बांधायची आणि त्याला उताणं निजवायचं. त्याने शिंकायचं नाही, खोकायचं नाही, ढेकरही द्यायची नाही.

इराणी आणि अरबी नेत्रवैद्यांचं वर्णन याच्या जवळपास जातं. रोगी सावलीत, पण उजेडाकडे तोंड करून बसतो. वैद्य त्याच्यापुढे जरा उंच बैठकीवर. चांगला डोळा बांधलेला. सुई बाहेरच्या कोपऱ्याकडून आत जाते, बाहुलीमागे तिचं टोक दिसतं, ‘पाणी’ खाली दाबलं जातं. ते पुन्हा वर आलं तर पुन्हा दाबायचं आणि थोडा वेळ धरून ठेवायचं. नंतरचा लेप वेगळा असतो. सुश्रुताच्या तुपाच्या जागी इथे अंड्याचा बलक गुलाबाच्या तेलात कालवलेला. पण उताणं झोपणं तेच, अंधारी खोली तीच, खोकल्याची धास्ती तीच. मात्र हे सारं सुश्रुताकडूनच गेलं असं छातीठोकपणे म्हणण्यात अर्थ नाही. सुईने मोतीबिंदू दाबण्याची पद्धत ग्रीकांच्या आणि रोमनांच्या जगातही माहीत होती. बगदादमध्ये दोन्हीकडचे प्रवाह एकत्र आले, एवढं नक्की.

तिथून पुढे मात्र या लोकांनी स्वतःची भर घातली. शस्त्रक्रियेआधीची एक परीक्षा बघा. चांगला डोळा झाकायचा आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्याची बाहुली पाहायची. ती रुंदावली तर सुई चालवायची. नाही रुंदावली तर हात लावायचा नाही, कारण मोतीबिंदू काढला तरी रोग्याला दिसणार नाही. या परीक्षेमागची उपपत्ती ग्रीक गॅलनची आणि ती साफ चुकीची आहे: डोळ्याची नस पोकळ असते, तिच्यातून मेंदूकडून दृष्टीचा वारा येतो, एक डोळा झाकला की तो सारा दुसऱ्या डोळ्यात भरतो आणि बाहुली फुगते. परीक्षा मात्र कामाची होती. उजेडाला बाहुली कशी दाद देते, हे आजचा डॉक्टरही मोतीबिंदूच्या रोग्यात बॅटरी मारून बघतो, आणि बघतो ते त्याच कारणासाठी. मागची नस आणि पडदा जिवंत आहे की नाही, हे त्याला ठरवायचं असतं.

बाहुलीचं हे आकुंचन-प्रसरण उजेडामुळे होतं, हे स्पष्टपणे लिहून ठेवणाऱ्यांत तेहरानजवळच्या रय गावचा अबू बक्र झकरिया राझी (८६५–९२५) हा पहिल्यांपैकी एक. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. म्हातारपणी त्याच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईवाला आला तेव्हा राझीने विचारलं, डोळ्याला थर किती असतात? त्याला सांगता येईना. ज्याला हे ठाऊक नाही त्याने माझ्या डोळ्यात सुई घालू नये, असं म्हणून राझीने त्याला परत पाठवलं. पुढे कुणी आग्रह केला तेव्हा, जग पुष्कळ पाहिलं, आता पुरे, असं उत्तर त्याने दिलं म्हणे. अल-बिरुनीने राझीच्या ग्रंथांची यादी करताना त्याच्या शेवटच्या आंधळेपणाचा उल्लेख केला आहे. थरांचा प्रश्न मात्र नंतर रचलेला असू शकतो. रचलेला असला तरी त्यातून त्या धंद्याची एक चिंता कळते. शरीररचना न शिकता हात चालवणारे लोक गल्लोगल्ली होते.

ही चिंता सरकारदरबारी पोचली होती. बाराव्या शतकातल्या सीरियातल्या शैझरीने बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. वजनमापं, खाटीक, हलवाई यांच्याबरोबर तिच्यात नेत्रवैद्यांचीही तपासणी आहे. हुनैनच्या दहा प्रबंधांवर त्यांना प्रश्न विचारायचे. डोळ्याचे थर, त्यातले द्रव, रोगांच्या जाती, औषधांची मिश्रणं, हे ज्याला येईल त्यालाच लोकांच्या डोळ्यांना हात लावायची परवानगी. रस्त्यावरच्या फिरत्या नेत्रवैद्यांबद्दल शैझरीने अतिशय कडक शब्द वापरले आहेत. त्यांचा भरवसा धरू नये, कारण लोकांच्या डोळ्यांत सुया खुपसताना त्यांना देवाची भीती वाटत नाही, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे वैद्यकाच्या परवान्याचे कायदे इंग्रजांनी आणले हे खरं, पण परवान्याची कल्पना इतकी जुनी आहे.

पुस्तकांची कमतरताही नव्हती. बगदादच्या अली इब्न इसाने १००० च्या सुमारास नेत्रवैद्यांसाठी जे स्मरणपुस्तक लिहिलं, त्यात १३० रोग आहेत. पापण्यांच्या आतल्या खुपऱ्या आणि त्यातून बुबुळावर चढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर त्याने आणि त्याच्या नंतरच्यांनी फार कष्ट घेतले. बारीक आकड्यांनी ते जाळं उचलून कात्रीने कापायचं, असा उपाय होता. खुपऱ्यांचा हा रोग आपल्याकडेही घरोघरचा होता. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं ते २०२४ मध्ये! अली इब्न इसाच्याच सुमारास मोसूलहून इजिप्तला गेलेल्या अम्मारने पोकळ सुई घडवून घेतली आणि मोतीबिंदू दाबण्याऐवजी चोखून बाहेर काढायचा प्रयोग केला. प्रयोग त्याच्या हातून जमला, पुढे फारसा कुणाच्या हातून जमला नाही.

नेत्रवैद्य म्हणून सुरुवात करून भलतीकडेच गेलेल्या एका इराण्याचा इथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. शिराझचा कुत्बुद्दीन (१२३६–१३११). त्याचे वडील तिथल्या मुझफ्फरी इस्पितळात वैद्य होते. ते वारले तेव्हा पोरगा चौदा वर्षांचा होता. त्याला त्याच इस्पितळात नेत्रवैद्य म्हणून नेमलं गेलं. दहाएक वर्षं त्याने ते काम केलं आणि मग मराघ्याच्या वेधशाळेत ग्रहगती मोजायला निघून गेला. त्याच्या शिष्याने, कमालुद्दीन फारसीने, इब्न अल-हैथमच्या प्रकाशशास्त्रावर टीका लिहिली आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्य कसं होतं ते दाखवलं.

एवढं सगळं असून एका जागी ही सारी परंपरा अडकली, आणि ती जागा समजून घेण्यासारखी आहे. डोळ्याच्या मध्यभागी भिंग आहे हे त्यांना माहीत होतं. दृष्टीचं आसन हे भिंगच आहे, दिसतं ते तिथेच, असं गॅलनपासून सगळे मानत. मग मोतीबिंदू भिंगात असणं शक्यच नव्हतं, कारण दृष्टीचं आसनच हलवलं तर माणूस आंधळा व्हायला हवा. सुईने दाबल्यावर तर त्याला दिसू लागतं! तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की मेंदूतून एक दूषित पाणी उतरतं आणि भिंगाच्या पुढे, बाहुलीमागे साकळतं. सुई खाली ढकलते ते हे पाणी. प्रत्यक्षात ती ढकलत होती गढूळ झालेलं भिंगच. ते डोळ्याच्या तळाशी जाऊन पडे आणि उजेडाची वाट मोकळी होई. म्हणजे हजारो वैद्य हजारो वर्षं रोज आपल्या हातांनी स्वतःचा सिद्धांत खोटा ठरवत होते आणि ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. दृष्टिपटलावर प्रतिमा पडते हे केप्लरने १६०४ मध्ये मांडलं. गढूळ होतं ते भिंगच, हे फ्रेंच वैद्य मिशेल ब्रिसोने १७०५ मध्ये एका मृत सैनिकाचा डोळा कापून पाहिलं. म्हणजे महंमद आदिलशहाच्या काळात विजापूरचा शहाण्यातला शहाणा हकीमही पाणी उतरल्याच्याच गोष्टी करणार होता, आणि पॅरिसचा वैद्यही.

आता दख्खनकडे येऊ. १४३६ ते १४५८ या काळात राज्य केलेल्या बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने बीदरला मोठं इस्पितळ बांधलं. औषधांच्या आणि अन्नाच्या खर्चासाठी गावं तोडून दिली आणि तिथे मुसलमान हकीम व हिंदू वैद्य दोन्ही नेमले, असं फिरिश्ता लिहितो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी रुस्तम जुर्जानी नावाचा हकीम होता. त्याने ‘झखीरा-इ-निजामशाही’ हा औषधींचा ग्रंथ लिहिला. गाव पुन्हा जुर्जान! याच बुऱ्हाणशहाकडे गोव्याहून येऊन उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता तिथल्या हकिमांशी औषधांवरून वाद घालत असे. त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं.

आणि स्वतः फिरिश्ता. महंमद कासिम फिरिश्ता आपल्याला माहीत आहे तो इतिहासकार म्हणून. बहमनींचा, निजामशाहीचा, आदिलशाहीचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर उभा राहतो. तो जन्मला अस्तराबादला, म्हणजे आजच्या गुरगान शहरात. लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला, तिथेच वाढला आणि १५८९ मध्ये विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडे गेला. तो वैद्यही होता, हे मात्र मराठी वाचकाला क्वचितच सांगितलं जातं. त्याचा ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा वैद्यकग्रंथ फारसीत आहे आणि त्याचा आधार आहे आयुर्वेद. इराणी-अरबी वैद्यक शिकून झाल्यावर तो इथल्या वैद्यांच्या ग्रंथांकडे वळला. त्यांचा विचार आणि उपचार दोन्ही त्याला पटले, आणि इथे राहणाऱ्या मुसलमानांना ते कळावेत म्हणून त्याने पुस्तक लिहिलं. दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदीच्या पदरच्या मियाँ भुव्याने १५१२ मध्ये सुश्रुतादी संस्कृत ग्रंथांवरून ‘मादन-उल-शिफा’ फारसीत रचला होताच. बगदादला गेलेला सुश्रुत असा सातशे वर्षांनी फारसी बोलत परत आला, आणि त्याला दख्खनेत हात धरून फिरवणारा माणूस गुरगानचा निघाला. झर्रीनदस्ताची ‘नूर-उल-उयून’ विजापूरच्या कुठल्या हकिमाच्या पेटीत होती, याची यादी कुणी ठेवलेली नाही. पण ज्या भाषेत आणि ज्या विद्येत ती लिहिली गेली, त्या दोन्ही इथे रोजच्या वापरात होत्या.

दरबाराला डोळ्यांच्या विद्येचा दुसराही उपयोग ठाऊक होता, आणि तो भयंकर होता. सुरमा घालायची सळई तापवून डोळ्यावरून फिरवली की वारस गादीला निकामी. इस्माईल आदिलशहाचा मुलगा मल्लू १५३४ मध्ये गादीवर बसला, अवघ्या काही महिन्यांत त्याला उतरवून आंधळं केलं गेलं आणि धाकट्या भावाला बसवलं. त्याआधी गुलबर्ग्याला १३९७ मध्ये बहमनी गियासुद्दीनचे डोळे गेले होते. जहांगीरने आपल्या बंडखोर मुलाला, खुस्रोला, आंधळं करवलं. एका फारसी ग्रंथात पुढची हकिकत अशी आहे की बापाला पश्चात्ताप झाला, त्याने हकीम बोलावले, इराणहून आलेल्या हकीम सद्राने सहा महिन्यांत एक डोळा पुरता आणि दुसरा बराचसा बरा केला आणि ‘मसीह-उझ-झमान’ हा किताब मिळवला. तापल्या सळईने पुरता करपलेला डोळा औषधाने परत येत नाही. तेव्हा एक तर सळई फिरवणाऱ्याने हात राखून काम केलं असावं किंवा लिहिणाऱ्याने हात सैल सोडला असावा. पहिली शक्यता मला जास्त पटते. राजपुत्र उद्या बादशहा झाला तर काय, हा विचार जल्लादालाही सुचतो. खुस्रो मात्र बादशहा झाला नाही. भाऊ शहाजहानच्या कैदेत १६२२ मध्ये बुऱ्हाणपूरला त्याचा अंत झाला.

औषधांचं थोडक्यात सांगतो. इराणकडून येई इस्फहानचा सुरमा आणि कर्मानकडचा तुतिया, म्हणजे जस्ताची राख. तुतिया भट्टीत कसा करतात आणि तो डोळ्यांना कसा चांगला, हे तेराव्या शतकात त्या वाटेने गेलेल्या मार्को पोलोनेही नोंदवलं आहे. इकडून जाई पिंपळी, दारुहळदीचा आटवलेला रस म्हणजे रसवत, आणि त्रिफळा. त्रिफळ्याचा तिकडे इत्रीफल झाला आणि युनानी औषधांच्या दुकानात तो आजही मिळतो. जस्ताची राख आणि रसवत यांचा डोळे येण्यावर खरोखर काही उपयोग होत असे. सुरम्याचं तसं नाही. तो बहुधा शिशाचं खनिज असतो, आणि ते शिसं शरीरात जातं. ‘थंडावा येतो’ म्हणून बाळाच्या डोळ्यांत तो घालणं धोक्याचं आहे.

अव्वल इंग्रजीतही ही मिश्र परंपरा संपली नव्हती. तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपीय डॉक्टर यांना एकत्र कामाला लावलं. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं लिहून ठेवली, आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रंही काढवून घेतली. ती सरस्वती महालाच्या संग्रहात आहेत. मोतीबिंदूवर सुई चालण्याआधी आणि नंतर डोळा कसा दिसतो, याचं चित्र काढून ठेवायचं कुणा राजाला सुचावं, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या ग्रंथसंग्रहापेक्षा मोठी वाटते.

खेड्यापाड्यांत मात्र पुस्तक उरलं नाही, सुई उरली. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ मध्ये लंडनला या सुईवाल्यांवर व्याख्यानं दिली आणि पुस्तकही लिहिलं. त्यांच्या रुग्णालयात आलेल्या, सुईने मोतीबिंदू दाबलेल्या डोळ्यांपैकी पुष्कळ डोळे सुजून, पिकून, आतला दाब वाढून कायमचे गेलेले होते. ज्यांचे डोळे बरे झाले ते इस्पितळात कशाला येतील, ही शंका रास्त आहे. पण निर्जंतुक न केलेली सुई, मांडवात बसवलेला रोगी आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघून गेलेला सुईवाला, यातून आणखी काय होणार? शैझरीने ज्यांच्याबद्दल इशारा दिला होता तेच हे लोक, आठशे वर्षांनंतरचे.

सातारा-सांगलीकडे त्यांचा धंदा बंद पाडण्यात मिरजेचा मोठा वाटा आहे. विल्यम वॉनलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले, आधी सांगलीत काम केलं आणि १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उघडलं. मोतीबिंदूसाठी लोक लांबलांबून तिथे येऊ लागले. पुणे–मिरज लोहमार्गावर रहिमतपूरचं स्टेशन आहे, तेव्हा या गावच्या म्हाताऱ्यांना वाट सरळ होती. वॉनलेस भिंग दाबत नसत, बाहेर काढत. ही रीत फ्रान्सच्या झाक दाव्हिएलने १७४७ मध्ये सुरू केली होती. काढलेल्या भिंगाच्या जागी जाड काचेचा चष्मा येई. डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवायला हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये सुरुवात केली, आणि भिंग ध्वनिलहरींनी फोडून बारीक छेदातून ओढून घ्यायची युक्ती चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये काढली. ओढून घेणं म्हणजे चोखणंच. अम्मारच्या पोकळ सुईला साडेनऊशे वर्षांनी यंत्र जोडलं गेलं.

सुई गेली, हकीम गेले, पाणी उतरल्याचा सिद्धांत गेला. त्या सगळ्यातलं एकच वाक्य आमच्या घरांतून अजून जात नाही: ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू दे.’ हे वाक्य सुश्रुताचं आहे, अली इब्न इसाचं आहे आणि फारसी पोथ्यांचंही आहे. त्या काळी ते शहाणपणाचं होतं. कच्चं, मऊ भिंग सुईच्या टोकाखाली फुटे, त्याचे तुकडे डोळ्यात पसरत आणि डोळा जाई. घट्ट झालेलं भिंग अखंड खाली जाई. अखंड भिंग बाहेर काढण्याच्या पद्धतीतही पिकलेला मोतीबिंदू सोयीचा पडे, म्हणून गेल्या शतकातले डॉक्टरही हेच सांगत आणि आपल्या आजी-आजोबांनी ते त्यांच्याच तोंडून ऐकलं. आजच्या पद्धतीला त्याची गरज उरलेली नाही. उलट फार पिकलेलं भिंग दगडासारखं कडक होतं, ते फोडायला जास्त जोर लागतो आणि नाजूक पडद्याला इजा व्हायची शक्यता वाढते. काही वेळा ते आतल्या आत पाझरतं, डोळ्यातला दाब चढतो आणि ठणकणाऱ्या डोळ्यासह नजरही जाते. तेव्हा घरात कुणी ‘पिकू दे’ म्हणत बसलं असेल, तांदूळ निवडताना खडा दिसत नसेल, एसटीची पाटी वाचता येत नसेल, तर त्यांना या महिन्यातच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया १९७६ पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत होते.